पाळण्याचा निवाडा

१८८९ साली कल्याणच्या मुलींच्या शाळेत दोन मास्तरणी होत्या, आणि त्यांचं एकमेकींशी बोलणं पंढरी शिपायामार्फत चालायचं. खोली एकच, लांबोडकी. एका टोकाला मोठ्या मुलींना घेऊन गोदूबाई, दुसऱ्या टोकाला बिगरीच्या पोरींत कमळाबाई. मध्ये तुळईला टांगलेला पाळणा, आणि पाळण्यात कमळाबाईंचा राघो.

"पंढरी, धाकट्या बाईंना सांग, त्यांच्या वर्गाचा गलका इथवर येतोय," गोदूबाई म्हणायच्या.

पंढरी पाळण्याला वळसा घालून यायचा. "बाई, गलका."

"त्यांना म्हणावं, पाढे आहेत ते. मुक्यानं पाढे शिकवायची रीत मला ठाऊक नाही. त्यांना असली तर दाखवावी."

पंढरी परत जायचा. "पाढे."

निरोप असा सोलून पोचवल्यामुळेच दिवाळीपासून शाळा कशीबशी उभी होती.

दोघीही पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून शिकून आलेल्या. गोदूबाई कितीतरी आधीच्या. बाराव्या वर्षी कपाळ पुसलं गेलं, पुढे भावानं हट्टानं शिकवलं, आणि शाळा निघाली तेव्हापासून त्या शाळेमागच्या खोलीत एकट्या राहत होत्या. कमळाबाईंचा नवरा रेल्वेत गार्ड, आज इगतपुरी तर उद्या पुणे. सासू-सासरे खडवलीला. सुनेनं नोकरी सोडून तिथे येऊन राहावं, एवढीच त्यांची इच्छा होती आणि ती ते दर अमावास्या-पौर्णिमेला कळवत. घरी मूल सांभाळायला कुणी नाही, म्हणून शाळेच्या कमिटीनं पाळण्याला तोंडी परवानगी दिली होती. पाळणा उतरला की खडवली, हे कमळाबाईंना पक्कं माहीत होतं.

आणि आता गोदूबाईंनी कमिटीला सांगून टाकलं होतं, "शाळेत एक तर पाळणा राहील, नाही तर मी."

कारण काय, तर मुलींचं चित्त विचलित होतं. कमिटीनं ते खरं मानलं. पंढरीनं मानलं नाही. त्यानं पाहिलं होतं, सुरुवातीला गोदूबाई येता-जाता पाळण्याला हळूच झोका देत. मग एक दिवस त्या वाकून म्हणाल्या, "डोळे अगदी आईचे उचललेत हो." त्याच संध्याकाळी राघोचं अंग तापलं. दुसऱ्या दिवशी पाळण्याच्या कडीला काळ्या दोऱ्यात ओवलेला बिब्बा लटकत होता. कडी गोदूबाईंच्या खुर्चीकडची. त्याच आठवड्यात कमळाबाईंनी बिगरीच्या पोरींना दृष्ट लागणं हा कसा खुळा समज आहे यावर धडा दिला होता, आणि चांगला दिला होता.

बिब्ब्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. शिकलेल्या बायका होत्या.

समेटासाठी कमिटीनं आपल्यातल्याच त्र्यंबकरावांना नेमलं. त्र्यंबकरावांनी विहिरींचे, बांधांचे, भाऊबंदांचे कितीतरी तंटे मिटवले होते. मिटलेल्या तंट्यातली माणसं पुन्हा त्यांच्याकडे फिरकत नसत, यावरून ते कायमचे मिटले असं त्यांचं अनुमान होतं. त्यांची एक रीत होती. ज्यानं त्यानं समोरच्याची तक्रार आपल्या तोंडानं सांगायची.

रविवारी सकाळी ते आले. मुली नव्हत्या. गोदूबाई आपल्या खुर्चीवर, कमळाबाई पाळण्याची दोरी घट्ट धरून.

"बसा, बसा. आपल्याला काही कोर्ट भरवायचं नाही," असं म्हणून त्र्यंबकराव कोर्टात बसावं तसे बसले. "हं, धाकट्या बाई. यांचं म्हणणं काय? त्यांच्या जागी बसून सांगा."

कमळाबाईंनी पाळण्याला एक झोका दिला. "मोठ्या बाईंचं म्हणणं, पाळणा करकरतो. मुली वळून बघतात. ही शाळा त्यांनी घराघरांतून मुली मागून आणून उभी केली. लोक आधीच बोलायला टपलेत. उद्या कुणी म्हणालं की इथे पोरं सांभाळायला शिकवतात, तर मुली घरी बसतील."

गोदूबाईंनी मान वर केली. आपली बाजू इतकी नेटकी आहे हे त्यांना नव्यानंच कळत होतं.

"फक्कड! आता मोठ्या बाई, तुम्ही."

"धाकट्या बाईंचं म्हणणं," गोदूबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, "घरी कुणी नाही. मूल तान्हं. नोकरी सुटली तर खडवलीला चूल फुंकत बसायचं, मग शिकून काय उपयोग." त्यांनी पाळण्याच्या कडीकडे पाहिलं. "आणि असंही म्हणणं आहे की, ही बाई पांढऱ्या कपाळाची, हिच्या पोटी काही नाही. हिची नजर पडली तर आपलं पोर वाळेल."

पाळण्याची दोरी थांबली. पंढरी दाराशी उभा होता, तो उगाचच बाहेर बघायला लागला.

त्र्यंबकरावांनी बोटांवर मुद्दे मोजले. "हे आपल्या विषयात येत नाही. आपला विषय पाळणा. तेव्हा निवाडा असा, मध्ये बांबूची तट्टी घालायची, पाळणा तट्टीच्या पलीकडे घ्यायचा आणि कडीला तेल द्यायचं. दोघींनी मागचं विसरून नव्यानं सुरुवात करायची. कबूल?"

कुणी काही बोललं नाही. ही संमतीच, असं त्यांनी धरलं आणि आनंदानं उठले. उठता उठता त्यांचं लक्ष पाळण्यात गेलं. राघो जागा होऊन पाय झाडत होता.

"अरे वा वा! हा आमचा वादी की प्रतिवादी? काय बाळसं धरलंय! मनगटाला वळ्या पडल्यात! आमच्या उभ्या घराण्यात इतकं गुटगुटीत पोर झालं नाही हो!"

दोघी बायकांनी एकदमच श्वास आत ओढला.

त्र्यंबकराव हात धुवायला मागच्या पडवीत गेले. राघोनं तोंड वेडंवाकडं केलं आणि भोकाड पसरलं.

"कमळे," गोदूबाई उठल्या. दिवाळीनंतरचा हा पहिला थेट शब्द. "मीठमोहऱ्या आहेत का जवळ?"

"पुडी घरीच राहिली. आज धांदलीत..."

"आजच बरी राहिली! थांब." त्या तरातरा आपल्या खोलीत गेल्या आणि निखारे घातलेली शेगडी, मीठ-मोहरी, लाल मिरच्या घेऊन आल्या. मूठ भरून पाळण्याशी आल्या आणि तिथेच अडखळल्या. मूठ कमळाबाईंपुढे धरली. "घे. तू उतर. माझा हात नको."

कमळाबाईंनी मुठीकडे पाहिलं. मग राघोला उचलून त्यांच्यासमोर धरला.

"तुम्हीच उतरा."

"अगं..."

"उतरा म्हणते ना. ते हात पुसून येतील आता!"

गोदूबाईंनी दृष्ट उतरवली. आल्यागेल्याची, घरच्याची, दारच्याची असं पुटपुटत गेल्या, आणि शेवटी जरा मोठ्यानं म्हणाल्या, "आणि कमिटीची." मूठ निखाऱ्यांवर पडली. मोहऱ्या तडतडल्या. मिरच्यांचा ठसका मात्र आला नाही.

"बघितलंस?" गोदूबाई कुजबुजल्या. "केवढी लागली होती!"

"बाई गं!" कमळाबाई म्हणाल्या. खिडकीतून खाडीचा वारा सोसाट्यानं येत होता आणि धूर सगळा दाराबाहेर चालला होता. दोघीही भूगोल शिकवत. वाऱ्याचा विषय कुणी काढला नाही.

राघो गप्प झाला. गोदूबाईंचे डोळे भरून आले होते. कमळाबाई पदरानं नाक पुसत होत्या. गोदूबाईंनी शेगडी पायानं पाळण्याखाली सारली, तोच त्र्यंबकराव आत आले. दोघी शेजारी शेजारी उभ्या, डोळे ओले, असं बघून ते दारातच थबकले.

"राहू द्या," ते भरल्या गळ्यानं म्हणाले. "मला आभाराची सवय नाही."

महिन्याभरात ठाण्यापर्यंत या समेटाचा बोभाटा झाला. त्र्यंबकराव सगळीकडे सांगत, की दुसऱ्याची तक्रार आपल्या तोंडून वदवली की दगडालाही पाझर फुटतो. तट्टी घातलीच गेली नाही. पाळणा सरकला, पण गोदूबाईंच्या खुर्चीला लागून. कविता सांगताना त्यांचा पाय दोरीवर असायचा. मुलींचं चित्त विचलित होत असेल, पण कुणी तक्रार केली नाही. कडीला तेल पडलं. खडवलीला उत्तर गेलं, की मुलाला इथली हवा मानवली आहे.

निरोप पोचवायचं काम गेल्यामुळे पंढरीला जरा रिकामं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात एक दिवस तो दारातून वळून म्हणाला, "मोठ्या बाई, त्र्यंबकराव येतायत. तुमचा एकोपा बघायला."

राघो गोदूबाईंच्या मांडीवर बसून त्यांची छडी चोखत होता. त्यांनी कमळाबाईंकडे पाहिलं. कमळाबाईंनी निमूटपणे कडीचा बिब्बा सोडला आणि दाराच्या चौकटीला, येणाऱ्याच्या बरोबर डोळ्यांसमोर येईल असा बांधला.

"पंढरी," गोदूबाई राघोच्या गालाला काजळाची तीट लावत म्हणाल्या, "त्यांना सांग, मूल झोपलंय."

पंढरी पायरीवर गेला. "झोपलंय," तो म्हणाला.