‘उत्कृष्ट’ असा शेरा

माझं डोकं मुळातच तापट. गाडी चालवायला शिकवणं हा माझा धंदा. ब्रेक दाबा म्हटलं की ॲक्सिलरेटर दाबणारी माणसं रोज शेजारी बसतात, त्यामुळे ते थंड व्हायची संधीही कधी मिळाली नाही. पण ती शिकाऊ माणसं परवडली. आमच्या आईनं वॉशिंग मशीनच्या प्रकरणात जो घोळ घातला, त्याला तोड नाही.

मशीन धाकट्यानं पाठवलं. धाकटा म्हणजे माझा भाऊ. जहाजावर इंजिनाच्या कामाला असतो, वर्षातून एकदा सुट्टीवर येतो. आईच्या हातांना साबणाचं पाणी सोसत नाही, बोटांच्या पेरांवर भेगा पडून रक्त येतं. डॉक्टरांनी कपडे धुणं बंद करायला सांगितलंय, हे कळल्याबरोबर त्यानं तिकडूनच मशीन मागवलं. खोकं आलं, ते आणणाऱ्यांनी न्हाणीघराशेजारच्या बोळात ठेवलं आणि आईनं त्यावर जुनी चादर घातली.

“अगं, उघडायचं नाही का?” मी विचारलं.

“तो आला की उघडेल.”

ही आमच्या घरची रीत. बाबा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे. नवी वस्तू ज्यानं घेतली त्याच्याच हातानं उघडायची, असा त्यांचा आग्रह. एकदा त्यांनी वाटेतून पंखा पाठवून दिला, तर तो अख्खा उन्हाळा खोक्यात होता आणि आम्ही त्याच्याकडे बघत घाम पुसत होतो. बाबा गेले, रीत राहिली. मी आईशी खूप भांडले. एकदा तर कात्री घेऊनच गेले, तर ही बाई खोक्यावर जाऊन बसली. आता जन्मदात्या आईला उचलून खाली ठेवणार का मी? तिचे कपडे माझ्या घरी न्यायचं ठरवलं, तर ती पहाटे उठून धुऊन मोकळी. वर म्हणायची, “एवढेसे तर होते.”

धाकटा आला आणि बोळात चादरीखालचं खोकं बघून चक्रावलाच. “हे अजून बंद? आई, तू तर फोनवर छान चाललंय म्हणत होतीस!”

“छानच आहे. उघड तू,” आई म्हणाली. तिचा चेहरा असा फुलला होता की त्यानं लगेच कात्री मागितली.

त्यानं उघडलं. खोक्यावर बाहेरून ओरखडासुद्धा नव्हता. आत मात्र थर्माकोलचा भुगा, मशीनचं बूड फुटलेलं आणि ड्रम एका अंगावर कललेला. आईनं वाकून आत बघितलं. मग म्हणाली, “रंग किती सुरेख आहे!”

तिथून माझी वणवण सुरू झाली. दुकानदार म्हणाला, कंपनीशी बोला. कंपनी म्हणाली, दुकानाशी बोला. फोन लावला की आधी संगीत ऐकायचं, मग हा आकडा दाबा, तो आकडा दाबा, मग पुन्हा संगीत. ते संगीत रचणारा भेटला तर मी त्याला गाडीखाली घालीन, असं मी एका शिकाऊ बाईंसमोर बोलून गेले. त्या दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. सगळीकडे उत्तर एकच, “एवढ्या उशिरा कसं कळलं?” बंद खोक्यातलं कसं कळणार, म्हटलं, तर म्हणे, बंद का ठेवलं? आमच्या घरची रीत मी त्यांना काय समजावणार, कप्पाळ!

शेवटी तक्रार विभागात एक समंजस साहेब भेटले. त्यांनी धाकट्यानं खोकं उघडताना काढलेले फोटो बघितले. “नुकसान आमच्याकडचंच आहे, पैसे परत मिळायला हवेत,” ते म्हणाले. माझा जीव भांड्यात पडतोय तोच ते पुढे म्हणाले, “पण मॅडम, तुमच्या आईंनी तर मशीन उत्कृष्ट चालतंय म्हणून सांगितलंय.”

आणि त्यांनी फोनवरच त्या बोलण्याचं रेकॉर्डिंग ऐकवलं. मशीन पोचल्यावर कंपनीच्या एका मुलीनं आईला फोन केला होता. मशीन कसं आहे, असं विचारल्यावर आमची आई म्हणते, “फार छान गं! आवाज म्हणून नाही.” खोक्यात आवाज कुठून असणार? मग ती त्या मुलीला विचारते, तू जेवलीस का, घर लांब आहे का, आई कुठे असते. मुलीनं ‘उत्कृष्ट’ असा शेरा मारला, यात तिची काय चूक?

“उत्कृष्ट चालणाऱ्या मशीनचे पैसे मला परत करता येत नाहीत,” साहेब म्हणाले. “त्यांनी स्वतःच्या आवाजात सांगावं की मशीन वाईट आहे. मग माझं काम झालं.”

एवढंच! मला वाटलं, झालं. मशीन धाकट्याच्या नावावर होतं आणि तो परत जायच्या आत प्रकरण मिटायला हवं होतं, कारण एकदा जहाज निघालं की त्याला गाठणं मुश्कील. पैसे आले नाहीत तर दुसरं मशीन घ्यायची ऐपत आम्हा दोघांचीही नव्हती, आणि आई पुन्हा बादलीत हात घालणार होती.

फोन लावला. तो स्पीकरवर ठेवून आई, मी, धाकटा, तिघं टेबलाशी बसलो.

“आजी, मशीनबद्दल तक्रार आहे ना?” पलीकडून तक्रार विभागातल्या मुलीनं विचारलं.

आईनं धाकट्याकडे बघितलं. “तक्रार अशी नाही गं. मशीन चांगलंच आहे. जरा तिरकं झालंय एवढंच.”

“म्हणजे वापरता येतंय?”

“येत असेल.”

मी फोन हिसकावला. मुलगी म्हणाली, “सॉरी मॅडम, आजींच्याच आवाजात हवं.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला तर आईनं मशीनच्या झाकणाचं कौतुक केलं. मी तिला स्वयंपाकघरात ओढत नेलं. “एक शब्द बोलायचाय! वाईट! जमत नाही तुला?”

“तो समोर बसलाय,” आई कुजबुजली. “इतक्या लांबून त्यानं पाठवलेलं. त्याच्या तोंडावर कसं म्हणू?”

मी कपाळावर हात मारून घेतला. पण धाकट्यानं ऐकलं असावं. निघायच्या दिवशी बॅग उचलून तो म्हणाला, “ताई, मी खाली जातो. तू लाव फोन.” आईला नमस्कार करून, दार लोटून तो गेला.

फोन लागला. आईनं दाराकडे बघून घेतलं आणि सरळ बसली.

“मशीन वाईट आहे,” ती म्हणाली. “बूड फुटलंय, ड्रम कललाय. उघडलं तेव्हाच तसं होतं. आधी छान म्हटलं ते मी खोटं बोलले.”

मला उठून नाचावंसं वाटलं.

“ठीक आहे आजी. पैसे परत जमा होतील. आणखी काही?” हा त्यांचा नेहमीचा प्रश्न, उत्तराची अपेक्षा नसलेला.

“हो, आहे,” आई म्हणाली. “मला ते मशीन नकोच होतं. तो फोनवर विचारायचा, मशीन कसं चाललंय, मी म्हणायचे छान, की लगेच, बरं, ठेवतो. मी मुद्दाम उघडलं नाही. त्याच्या हातचं काहीतरी घरात बाकी आहे म्हणजे तो येईल, असं वाटायचं. आता काहीच बाकी नाही.”

मग मुलीनं हळूच विचारलं, “आजी, मी ‘असमाधानी’ लिहू का?”

“लिही,” आई म्हणाली.

लोटलेलं दार सरकलं, तर धाकटा खाली गेलाच नव्हता. दाराबाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा होता, बॅगेचा पट्टा मुठीत धरून. टॅक्सीवाला हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. आईला तो आत्ता दिसला. तिनं भेगाळलेल्या हातांनी फोन माझ्याकडे दिला.

“गेला नाहीस अजून?” ती त्याला म्हणाली. “उशीर होईल तुला.”