भिंतीवरचं बटण

"भिंतीवरचं बटण बंद करू नकोस, मशीन विसरतं," बाबांनी सकाळीच सांगितलं होतं. माहेरी आलेल्या तिने हो हो म्हणत ते कानाआड केलं आणि खटकन बटण बंद केलं. तिची आठ महिन्यांची लेक चिमणी रांगत वायरीपर्यंत पोचली होती. अशा वेळी मशीनच्या आठवणीची काळजी कोण करणार?

आता दुपार झाली होती. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत होती, बाकी काही नाही. बाबांच्या जुन्या संगणकावर व्हिडिओ कॉल चालेनासा झाला, म्हणून ती नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला बसली होती. जुनी डिस्क कालच उत्साहाच्या भरात कोरी केलेली. उद्या तिची परतीची गाडी. त्याआधी जमलं नाही, तर बाबांचं रोज आठ वाजता नातीला बघणं बंद. मोबाईलच्या टीचभर चौकटीत त्यांना बाळाचं नाकसुद्धा धड दिसत नसे.

पहिली चूक लवकर सापडली. पेन ड्राइव्हवरची इन्स्टॉलरची प्रत नव्या धाटणीच्या मशीनसाठी होती, बाबांच्या या म्हाताऱ्या मशीनला ती ओळखूच येत नव्हती. तिने लॅपटॉपवर जुन्या पद्धतीची प्रत करून घेतली, सेटिंगमध्ये 'आधी पेन ड्राइव्ह' असं लावलं, आणि पडद्यावर इन्स्टॉलरची निळी चौकट उमटली. तेवढ्यात चिमणी पुन्हा वायरीकडे निघाली. खट. बाळाला कडेवर घेऊन, शांत करून, मशीन परत चालू केलं तर तीच रेघ.

तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा ती पेन ड्राइव्ह काढून त्याच्याकडे बघत बसली.

"ही प्रतच खराब असणार."

"उठवलं की आधी कुरकुर," बाबा म्हणाले. "तुझ्यावर गेलंय."

"बाबा, चेष्टा नको."

"चेष्टा कुठली? बटण बंद केलंस की सगळं विसरतं ते. तारखेसकट."

तिने सेटिंग उघडलं. तारीख सोळा वर्षांपूर्वीची होती. 'आधी पेन ड्राइव्ह' पुसलं गेलं होतं. तिने झाकण काढलं. आत रुपयाएवढा चपटा सेल, वीज नसताना मशीनची आठवण जपणारा.

"मेलाय हा. कधीपासून?"

"झाली असतील दोन वर्षं."

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यात तसलाच सेल होता, तो तिने काढून बसवला. सगळं पुन्हा लावलं, मुद्दाम बटण बंद करून चालू केलं. मशीनला आठवत होतं. निळी चौकट आली आणि इन्स्टॉलर मुकाट पुढे सरकू लागला.

मग तिचा हात थांबला.

"बाबा, तुम्ही हे रात्री बंद करत नव्हतात ना?"

"करत होतो की. आई गेल्यावर तूच बजावलंस, झोपताना सगळी बटणं बंद. फोनवर शपथ घातलीस."

"मग रोज सकाळी?"

बाबांनी कीबोर्डखालून एक पुठ्ठा काढला. कडा मऊ पडलेल्या. त्यावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात एकेक पायरी लिहिली होती: तारीख, वेळ, कोणती कळ किती वेळा. वरच्या कोपऱ्यात 'साडेसहाला बसणे'.

"तारीख बरोबर नसली की कॉल लागत नाही. चष्मा लावूनही चुकतं कधीकधी. मग परत पहिल्यापासून."

"सांगायचं नाही का?"

"तुला काळजीला एवढंसं निमित्त पुरतं."

कितीतरी सकाळी ठीक आठला त्यांचा चेहरा पडद्यावर यायचा आणि ती घाईत म्हणायची, आज नको बाबा, चिमणी झोपलीय. अर्ध्या मिनिटात संपायचं. तिने पुठ्ठ्याची शेवटची ओळ वाचली: 'बाळ झोपलं असेल तर आग्रह नको.'

चिमणीने पुठ्ठा ओढून तोंडात घातला. तिने तो काढून घेतला नाही.

तुम्हालाही रोज ठरल्या वेळी कुणाचा फोन येत असेल. उद्या आला की लगेच ठेवू नका. 'या फोनसाठी तुम्ही किती वाजता उठता?' एवढं विचारून बघा.