तीनशे बारा माणसांची एक नोंद

सरळ पायाचं माणूस बाबांच्या दुकानाची पायरी सहसा चढत नसे. सरळ पायांसाठी हमरस्त्यावर काचेची दुकानं होती. इथे येत ते एक पाय आखूड राहिलेले, अपघातात बोटं गमावलेले, संधिवाताने घोट्यापासून वळलेले. पुढच्या खोलीत एक उंच खुर्ची, मागच्या खोलीत शिवणयंत्र, चामडं आणि सरसाचा न हटणारा वास. प्रत्येकाचा लाकडी साचा जपून ठेवायला जागा नव्हती. म्हणून बाबा साध्या साच्यावर चामड्याचे तुकडे चिकटवून त्या माणसाचा पाय उभा करत, त्यावर बूट बेतत आणि मग तुकडे खरवडून साचा पुन्हा कोरा करत. मागे राही ती कॉम्प्युटरमधली नोंद: एकेका पायाची तीस मापं, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना.

त्या रकान्यात बाबा लिहीत, ‘टाच दुखते, पण हा सांगायचा नाही.’ किंवा, ‘अंगठा दाबला की हसते, म्हणजे दुखतंय.’ त्यांचा धाकटा मुलगा मागच्या खोलीत बसून हे शेरे वाचत चामडं कापी. तिशीला आला तरी घरीदारी तो धाकटाच होता. गिऱ्हाइकांशी बोलताना त्याची जीभ टाळूला चिकटे. त्यांच्या पायांशी मात्र, या ओळींमधून, त्याची जुनी मैत्री होती.

दोन वर्षांपूर्वी बाबांना झटका आला. उजव्या हाताला कापरं भरलं आणि आठवण जागोजागी विरली. तेव्हापासून दुकान उभं होतं ते त्या नोंदींवर. आणि आता कॉम्प्युटरच धापा टाकू लागला होता. सकाळी तो सुरू होईपर्यंत धाकटा चहाला हात लावत नसे. शेवटी त्याने ठरवलं, सगळं क्लाउडवर न्यायचं.

“म्हणजे नेमकं कुठे?” बाबांनी विचारलं.

“लांब कुठेतरी मोठाले कॉम्प्युटर असतात, बाबा. तिथे राहतं. आपल्याला इथून दिसतं.”

“तिथे आपल्या ओळखीचं कोण?”

“कुणी नाही.”

“मग लक्ष कोण देणार?”

“तुमच्याएवढं कुणीच नाही.”

“मस्का नको लावूस,” बाबा म्हणाले, पण हसले. “ने बाबा, ने. माझी माणसं सांभाळून ने म्हणजे झालं.”

एका सुट्टीच्या दिवशी नोंदी वर चढल्या. मध्येच पडद्यावर प्रश्न आला: एकच फोन नंबर असलेल्या नोंदी एकत्र करायच्या का? झटक्यानंतर बाबांनी काही जणांना दोन-दोनदा नोंदवून ठेवलं होतं. ते निस्तरता येईल म्हणून त्याने ‘हो’ म्हटलं. पुढचे तीन आठवडे तो एकेक नाव काढून ताडून पाहत होता. जी नावं आठवत ती अर्थातच फोन करून येणाऱ्या गिऱ्हाइकांची. एकूण एक बरोबर निघाली. चौथ्या आठवड्यात त्याने जुनी डिस्क स्वतःच्या हाताने, दोनदा, पुसली. लोकांची व्यंगं भंगारात उघडी पडू नयेत एवढाच त्याचा विचार होता. मग कॉम्प्युटरचा डबा भंगारवाल्याच्या गाडीवर चढवला.

नंतरच्या सोमवारी बाई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, काठी टेकत चालणाऱ्या. एकोणीस वर्षं त्यांचे बूट इथेच होत. खुर्चीत बसताच म्हणाल्या, “काय रे, अजून बोलायला शिकला नाहीस? चल, नवीन जोड बेतायला घे.”

धाकट्याने नाव टाकलं. नोंद नाही. वेगळ्या तऱ्हेने टाकलं. नाही.

“नंबर काय होता, बाई?”

“माझ्याकडे कुठला फोन! तुझ्या वडिलांनीच काहीतरी लिहिलं होतं.”

“आपला लिहितो मी,” बाबा सहज म्हणाले. “तो रकाना रिकामा सोडला की जुना कॉम्प्युटर पुढेच सरकत नसे. आणि ‘फोन नाही का तुमच्याकडे’ असं चारचौघांत कशाला विचारायचं कुणाला? ज्याला फोन नाही, त्याचा फोन आपला.”

धाकट्याने दुकानाचा नंबर टाकला. एकच नोंद उघडली. नाव एका पहारेकऱ्याचं, तो मागच्याच वर्षी वारलेला. खाली बारीक अक्षरांत एक ओळ: तीनशे बारा नोंदी एकत्र केल्या.

त्याने मागच्या खोलीत जाऊन क्लाउडवाल्यांच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडची मुलगी आर्जवी होती.

“सर, नोंदी हरवल्या नाहीत. एकत्र झाल्यात.”

“वेगळ्या करता येतील?”

“प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीवर लिहिली गेलीय, सर. आधीची प्रत आम्ही पंधरा दिवस ठेवतो. शेवटची नोंद मात्र पूर्ण आहे.”

“तो माणूस गेला.”

“आणखी काही मदत करू शकते का, सर?”

तो पुढच्या खोलीत आला तेव्हा त्याचा चेहरा पाहूनच बाबांना सगळं कळलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीपुढे हळूहळू खाली बसले, आणि बाईंचा उजवा पाय त्यांनी मांडीवर घेतला.

“डावा,” बाई हळूच म्हणाल्या. “आखूड डावा आहे.”

“हो, हो. डावाच.” बाबांची बोटं घोट्यावरून फिरू लागली, पण ती इतकी थरथरत होती की हाड कोणतं आणि थरथर कोणती, हे त्यांचं त्यांनाच उमजेना. त्यांनी टेप धाकट्याकडे दिली.

“करंगळीच्या मागे बघ.”

“काय बघू, बाबा?”

“लिहून ठेवलं होतं मी,” ते म्हणाले.

“जुना जोड उसवून बघू का?”

“झिजलेला बूट खोटं बोलतो रे.”

धाकट्याने तीस मापं घेतली. जन्मात पहिल्यांदा एक जिवंत पाय त्याच्या तळहातावर विसावला होता, ऊबदार, निळ्या शिरांचा. आणि तो पाय त्याच्याशी काही म्हणजे काही बोलत नव्हता. शेऱ्याच्या रकान्यात त्याने दोनदा काहीतरी लिहिलं आणि दोनदा खोडलं.

बारा दिवसांनी जोड तयार झाला. बाईंनी तो घालून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. “छान झालाय,” त्या म्हणाल्या, काठावर पास झालेल्या मुलाची पाठ थोपटावी तशा. जुना जोड पिशवीत घालून त्या निघाल्या.

धाकटा दाराशी उभा राहून पाहत होता. बाई कोपऱ्यापर्यंत ताठ चालल्या. मग तिथल्या बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या, काठी भिंतीला लावली, नव्या बुटांचे बंद सोडले आणि पिशवीतला जुना जोड पायांत चढवला. नवा त्यांनी पुसून, कागदात गुंडाळून, जपून पिशवीत ठेवला.

“बसला का नीट?” आतून बाबांनी विचारलं.

“बसला, बाबा.”

“बघ. जमतंय तुला,” बाबा म्हणाले. “आता बाकीच्यांना येऊ देत एकेक करून.”