कपिलधारला जायची जीप

मृत्युंजयने छोट्या किटमधली वायरींची जुडी सोडून जीपच्या बॉनेटवर पसरली आणि शेजारी मोबाइल टेकवला. मोबाइलवर मोठ्या वायरिंग किटचा फोटो होता. छोटं किट मेकॅनिक इसाकभाईंच्या कपाटात तयार होतं, पण त्यात दिवे, हॉर्न आणि स्टार्टर एवढ्यापुरत्याच वायरी होत्या. मोठ्यात म्युझिक, धुक्याचे दिवे, मागचा कॅमेरा, सगळ्याची सोय. फक्त ते पुण्याहून मागवायचं, म्हणजे महिना गेलाच.

"शेठ, हे बसवलं तर सोमवारी गाडी रस्त्यावर," इसाकभाई म्हणाले. "आमी कवापासून म्हनतो."

"आणि मागाहून कॅमेरा लावायचा म्हटला तर? सगळं उचकटावं लागंल."

"तुमच्या अप्पाला कॅमेरा कावून लागतो?"

मृत्युंजय हसला आणि पुन्हा फोटो मोठा करून बघू लागला. बीडमध्ये त्याचं फरशीचं दुकान होतं. एवढ्याशा न्हाणीघरासाठी दिवसभर फरश्या उलटसुलट करणाऱ्या गिऱ्हाइकांची तो घरी जेवताना झकास नक्कल करायचा. सकाळपासून आपण वेगळं काय करतोय, हे काही त्याच्या ध्यानात येत नव्हतं.

मांजरसुंब्याच्या या गॅरेजात जीप येऊन दोन दिवाळ्या उलटल्या होत्या. त्याच्या वडिलांची, ईश्वरप्पांची ती जीप. लग्नानंतर नीलाबाईंना शेजारी बसवून ते तिच्यातूनच कपिलधारला मन्मथस्वामींच्या दर्शनाला गेले होते. नीलाबाई गेल्या आणि जीप छपराखाली उभी राहिली ती राहिलीच. मग एकदा अप्पा म्हणाले, पाय साथ देतायत तोवर आपल्या जीपमधून एकवार कपिलधार करावं म्हणतो. उभ्या जन्मात त्यांनी लेकाकडे एवढं एकच मागितलं होतं. मृत्युंजय हरखून गेला. आधी इंजिन, मग पत्रा, मग रंग, मग सीटचं कातडं. दर वेळी थोडं अजून चांगलं मिळत होतं आणि त्यासाठी थोडं अजून थांबावं लागत होतं. अप्पा सुरुवातीला रोज विचारायचे. पुढे त्यांनी विचारणं सोडलं, आणि मृत्युंजयला उलट मोकळं वाटलं.

परवा मात्र उंबरा ओलांडताना अप्पा भिंतीला धरून बराच वेळ उभे राहिले होते. ते आठवलं तशी त्याने मोबाइलवरचा फोटो बंद केला.

"हेच बसवा, इसाकभाई. सोमवार नक्की ना?"

"जबान हाय आपली."

किती सोपं होतं हे! हलक्या मनाने त्याने अप्पांना फोन लावला.

"अप्पा, सोमवारी तयार राहा. कपिलधारला जायचं."

पलीकडून आधी देवळातली घंटा ऐकू आली.

"आरं, मी तितंच हाय की."

"कुठं?"

"कपिलधारला. सकाळी एसटीनं मांजरसुंब्याला उतरलो, पुढं रिक्षा केली. रिक्षावाला लई भला माणूस. हाताला धरून दर्शन घडवलं त्यानं."

"मला कावून नाही सांगितलं?"

"गॅरेजवरनंच गेलतो. जरा थांबलो बी दारात. तू पाठमोरा, वायरी बघत होतास. म्हटलं, चांगलं काम चाललंय, कावून मदी बोलायचं?"

मृत्युंजयला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

"जीप लई देखणी केलीस रे," अप्पा म्हणाले. "तुजी आई असती तर... पन पाय लई थरथरले आज. आता पुन्हा काय जमायचं न्हाई. झालं दर्शन, बास."

"तुमी तितंच बसा अप्पा. मी येतो न्यायला."

"कशानं?"

अप्पांनी सहज विचारलं होतं. आवाजात टोमणा नव्हता, रागही नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं मृत्युंजयला वाटलं.

"येतो," एवढंच तो म्हणाला. इसाकभाई वायरी घेऊन डॅशबोर्डखाली शिरत होते. त्यांना काही न सांगता तो महामार्गावर आला आणि समोरून येणाऱ्या पहिल्या रिक्षाला त्याने हात केला.