चावलेला घास

गोजरने गुळाचा डबा उचलून थेट शेजारच्या बारकीकडे नेऊन ठेवला. घरात चहासुद्धा बिनसाखरेचा झाला. मुलगा भगीरथ कुरकुरला, तेव्हा बायको पोटुशी असताना नवऱ्याच्या जिभेने जरा दम धरावा, असं तिने त्याला सुनावलं. किन्हवलीजवळच्या त्या घरात तिचा शब्द मोडायची कुणाची टाप नव्हती.

कारणही तसंच होतं. सून रुपालीचं पहिलं बाळंतपण घरीच झालेलं. मूल चांगलं थोराड, बघत राहावं असं, पण ते रडलंच नाही. आता दुसऱ्या खेपेला सहाव्या महिन्यात शहापूरच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि साखर वाढलीय, पोटातल्या बाळाला धोका आहे, गोड बंद करा, असं बजावलं. गोजरने ते अक्षरशः पाळलं. मात्र अशाने पोर अंग कसं धरणार, म्हणून पहिल्या खेपेसारखीच सुनेची सकाळची पेज दुप्पट केली आणि दोन्ही वेळा ताटात भाताचा ढीग वाढला. स्वतःच्या शेतातला तांदूळ, त्यात कसलं आलंय गोड!

पंधरा दिवसांनी साखर आणखी चढलेली निघाली. चोरून काय खातेस, असं डॉक्टरीणबाईंनी विचारल्यावर रुपाली रडकुंडीला आली. गोजरचं डोकं फिरलं. आपल्या घरात गोडाचा कण नाही, असं तिने ठणकावून सांगितलं. दवाखान्यातल्या सिस्टर मात्र शांत होत्या. त्यांनी सुनेचं दिवसभराचं खाणं विचारून घेतलं, मग स्वतःच्या डब्यातला चिमूटभर मोकळा भात गोजरच्या तळहातावर ठेवला.

"चावत राहा, आजी. मी सांगेपर्यंत गिळू नका."

भुकेल्या माणसाला एवढा वेळ घास चावत बसायची सवय कुठली असायला! गोजर चावत राहिली. आधी काहीच चव नव्हती. मग जिभेच्या कडेला काहीतरी पाझरलं. गोड! हळूहळू सगळं तोंड गोड झालं. साठ वर्षं हा भात लावला, कापला, झोडला, रांधला, आणि त्याने आपलं गुपित आज सांगितलं. ती थक्क होऊन तळहाताकडे बघत बसली.

मग एकदम तिचा चेहरा उतरला.

"मंग पयलं पोर माज्या हातानंच गेलं का, बाय?"

तेव्हा कुणी रक्तच तपासलं नव्हतं, त्यामुळे ते आता कुणालाच सांगता येणार नाही, असं सिस्टर म्हणाल्या. खोटा धीर त्यांनी दिला नाही, पण गोजरचा हात बराच वेळ धरून ठेवला. भाताची पोटात साखरच होते, भाकरीचीही, तेव्हा सगळंच मापात द्यायचं, असं समजावलं. डॉक्टरीणबाईंनी इन्सुलिनची सुई लिहून दिली.

तिथून गोजरने वाटी हातात घेतली ती सोडली नाही. एक वाटी भात, सोबत डाळ, मूग, पालेभाजी. जेवण झालं की सुनेला बांधाबांधाने फिरवायचं. वाटीच्या काठावर आलेला भात ती बोटाने काढून ठेवायची.

दिवस भरले आणि शहापूरला मुलगी झाली. बंद दारामागून रडणं ऐकू आलं तेव्हा गोजरने दाराला कान लावला. टाचेतून थेंबभर रक्त घेऊन बाळाची साखर बघितली, तीही ठीक निघाली. रुपालीने तिला पाजलं आणि मग सासूकडे दिलं.

लालबुंद मुठी आवळून पोर टकमक बघत होतं. गोजरने डोळे पुसले नाहीत.

"माज्याच हातचं खाल्लंस," ती म्हणाली, "नि जगलीस गो."