शाईची बाजू

"हा तो नाही," सलूनवाला म्हणाला.

त्याने फोटो टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला आणि खिडकीपाशी नेला. "शर्ट त्याचा. कान त्याचे. भुवईवरचा वणसुद्धा आहे. पण ताई, हा माझा दादा नाही. दादाचा कुणी चुलतभाऊ वाटतो."

"तुम्हीच दिलेल्या फोनमधल्या फोटोवरून काढलाय."

"तो फोटो मला तेव्हाही पटला नव्हता. दुसरा नाही म्हणून दिला. म्हटलं, तुमच्या हाताखालून गेला की जरा माणसात येईल."

आतल्या खोलीतून तिचा नवरा ओरडला, "इतकी वर्षं झाली, मी नाही आलो अजून!"

सलूनवाला हसला, पण फोटो त्याने तिथेच ठेवला.

गल्लीत तिला फिल्मवाली म्हणत. आधी ती एका स्टुडिओच्या डार्करूममध्ये कामाला होती. स्टुडिओ बंद पडला तेव्हा मालकाने तिला ट्रे आणि चिमटे दिले. इंकजेट प्रिंटर तिने स्वतः घेतला. कागदाला हाताने रसायन लावून उन्हात फोटो छापणारे हौशी लोक अजून आहेत. त्या रीतीत फोटो मोठा करता येत नाही. जेवढा फोटो हवा तेवढीच निगेटिव्ह लागते, ती कागदावर ठेवून वर काच दाबायची आणि उन्हात न्यायची. अशा निगेटिव्ह फिल्मवाली कॉम्प्युटरवर तयार करून पारदर्शक फिल्मवर शाईने छापून द्यायची. लोक फोटोला चौकट करून भिंतीवर लावत. निगेटिव्ह खोक्यात जाई. तिचं काम फोटोच्या आधीच संपत असे आणि तिला त्याचं विशेष काही वाटत नसे.

या वेळी मात्र फोटोही तीच छापत होती, कारण माणूस ओळखीचा होता. तिच्या नवऱ्याचे केस याच दोन भावांकडे कापले जात. दुकानात दोन खुर्च्या होत्या, थोरल्याची पंख्याच्या बटणाकडची. तो गेल्यापासून त्या खुर्चीवर टॉवेल वाळत असत. आता धाकट्याला एकट्याने झेपत नव्हतं. सोमवारपासून नवा कारागीर येणार होता.

"तो उभा राहायच्या आत दादा भिंतीवर पाहिजे," सलूनवाल्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "नाहीतर त्या जागी दुसरंच कुणीतरी दिसायला लागेल, आणि मग दादा आठवायला मला डोळे मिटावे लागतील. हातात वस्तरा असताना ते कसं जमायचं?"

तिने दुसरी निगेटिव्ह केली. चेहऱ्यावर शाई जास्त सोडली, डोळ्यांखालच्या सावल्या फिकट केल्या. छाप चांगला उतरला. सलूनवाल्याने तो हातात धरून पाहिला.

"देखणा झालाय. पण दादा नाही."

"मग नेमकं काय चुकतंय ते तरी सांगा."

"ते सांगता आलं असतं तर मीच नसता काढला?"

तिसरी निगेटिव्ह तिने शनिवारी सकाळी छापली. शाई वाळली की फिल्मच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. शाईची बाजू कागदाला टेकावी लागते. म्हणून छापतानाच चित्र उलटं छापायचं, म्हणजे कागदावर ते सुलट येतं. कोणती बाजू शाईची हे ओळखायला ती ओल्या बोटाने कोपरा चाचपायची. बोट चिकटलं तर शाई. त्या दिवशी तिने बोट ओलं केलं आणि तेवढ्यात नवऱ्याने हाक मारली.

"माझा चष्मा पाहिलास का?"

"डोक्यावर बघा."

"नाहीये."

"मग जागचे उठून बघा."

चष्मा त्याच्या खिशात निघाला. ती परत आली, फिल्म कागदावर ठेवली, काच दाबली आणि चौकट गच्चीवर नेली.

पाण्यात हिरवट थर धुऊन निळा रंग वर आला तेव्हा तिच्या लक्षात आलं. भांग या कानाकडचा त्या कानाकडे गेला होता. फिल्म पालथी पडली होती. शाई आणि कागद यांच्यात फिल्मची जाडी राहिल्यामुळे केसही जरा पसरट आले होते. वाया गेलेला कागद तिने चिमट्याने दोरीला अडकवला. मागची बाजू चाचणीच्या पट्ट्यांना उपयोगी पडली असती.

दुपारी सलूनवाला आला. बरोबर त्याची वहिनी होती, थोरल्याची बायको. ती दारातच चपला काढत होती तोवर हा थेट दोरीपाशी गेला.

"हाच! ताई, हाच की! काय केलंत तुम्ही?"

"तो बिघडलाय. फिल्म उलटी पडली माझ्या हातून."

"उलटी कसली? वहिनी, या इकडे. दादा बघा."

वहिनीने बराच वेळ पाहिलं. मग पदराने ओठ पुसले. "हे कोण?"

"कोण म्हणजे? दादा!"

"ह्यांचा भांग या बाजूला कधी होता? आणि हसताना ओठ उचलायचे ते त्या बाजूला." तिने टेबलावरचा दुसरा फोटो उचलला. "हे हे आहेत."

"वहिनी, सगळी हयात त्याच्या शेजारी उभा राहिलोय मी."

"आणि मी काय शेजारच्या घरात राहत होते?"

वहिनी फोटो खाली ठेवेना. फिल्मवालीच्या नवऱ्याने आतून डोकं बाहेर काढलं आणि परत आत घेतलं.

"एकच फोटो लागणार ना भिंतीवर?" फिल्मवालीने विचारलं.

"एकच," वहिनी म्हणाली. "दोन तोंडांचे नव्हते ते."

"उद्या मी दुकानात येते. दोन्ही घेऊन."

रविवारी दुकानात एकच गिऱ्हाईक होतं, गालभर फेस लावून बसलेलं. वहिनी मागच्या बाकावर आधीच येऊन बसली होती. भलताच फोटो लागू नये यासाठी ती आली होती, आणि हे तिने कुणी न विचारता सांगूनही टाकलं. फिल्मवाली दारात उभी राहिली.

"या ताई, आत या," सलूनवाला म्हणाला. त्याची पाठ तिच्याकडे होती. वस्तरा गिऱ्हाइकाच्या हनुवटीखाली चालू होता. तो समोरच्या आरशात तिच्याकडे पाहत होता.

तिनेही आरशात पाहिलं. पिशवी तिच्या डाव्या खांद्यावर होती. आरशातल्या बाईची उजव्या खांद्यावर होती.

"दादांशी पण असंच बोलायचात?" तिने विचारलं.

"असंच म्हणजे?"

"आरशात बघून."

"मग? दर वेळी मान वळवली तर गिऱ्हाइकाचा कान हातात येईल." गिऱ्हाईक फेसातून हसलं. "हलू नका हो. दिवसभर आम्ही दोघं इथेच, ताई. भांडायचो पण आरशातच. घरी गेल्यावर तो जेवायचा आणि झोपायचा, तेव्हा कोण कुणाचं तोंड बघतंय?"

वहिनीने हातातल्या पिशवीचे बंद एकदा सोडले आणि पुन्हा बांधले.

फिल्मवालीने पिशवीतून वहिनीने निवडलेला फोटो काढला, चौकटीत बसवलेला. "खिळा कुठे मारू?"

"आरशाच्या वर. जागा करून ठेवलीय," सलूनवाला म्हणाला.

"तिथे नको. इथे मागे लावू, बाकाच्या वर."

"गिऱ्हाइकांच्या डोक्यावर? आणि ताई, तो तर तुमचा बरोबरवाला. तो नको म्हटलं होतं मी."

"तुम्ही तुमचं काम करा. वळून बघू नका."

कॅलेंडरचा जुना खिळा बाकाच्या वरच होता. तिने कॅलेंडर उतरवलं आणि फोटो अडकवला. एक कोपरा खाली होता, तो सरळ केला. वहिनी बाकावरून उठून समोर उभी राहिली. भांग जिथे हवा तिथे होता. तिने मान हलवली आणि परत फोटोखाली बसली.

सलूनवाला दुसऱ्या गालाकडे वळला होता. वस्तरा कानाजवळून खाली आला आणि पुसण्यासाठी उचलला गेला. तेवढ्यात त्याची नजर वर गेली. आरशात, दुसऱ्या खुर्चीच्या पाठीमागे, दादा होता. एका बाजूने ओठ उचलून.

वस्तरा तसाच राहिला. गिऱ्हाइकाने एक डोळा उघडला.

मग सलूनवाल्याने पातं कागदाला पुसलं आणि पुन्हा गालाला लावलं.

"पंखा जरा वाढव रे," तो आरशाकडे पाहत म्हणाला.

फिल्मवालीने दोरीवरचा उलटा छाप आणला होता. पिशवीतून वर आलेला त्याचा कोपरा तिने आत सारला.

वहिनी उठली. रिकाम्या खुर्चीच्या मागून गेली आणि पंख्याचं बटण फिरवून जागेवर येऊन बसली. पंख्याने वेग घेतला. फरशीवरचे कापलेले केस भिंतीच्या कडेला सरकू लागले.