घायपाताच्या टोकांवरची टरफलं

विश्रांतवाडीतल्या सोसायटीत शुक्रवारी सूचना लागली: ‘ब’ इमारतीच्या पायरीजवळचं काटेरी झाड लहान मुलांच्या डोळ्यांना धोकादायक असल्याने रविवारी सकाळी काढण्यात येईल. झाड कोणाचं, ते लिहिलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती. नागोराव त्याला रोज पाणी घालायचे, गरज नसतानाही.

मूळचं घायपात त्यांच्या पत्नी विमलाबाईंनी वाशिमहून, माहेरून आणलं होतं. एसटीत, गोणपाटात गुंडाळून. खडकीच्या क्वार्टरच्या दारात ते वाढलं. नागोराव कारखान्यातून निवृत्त झाल्यावर फ्लॅटमध्ये येताना त्याचं पिल्लू अर्ध्या पिंपात लावून बरोबर आणलं. विमलाबाईंना जाऊन आता अडीच वर्षं झाली होती.

क्वार्टरमध्ये त्या प्रत्येक पानाच्या टोकावर अंड्याचं रिकामं टरफल बसवायच्या. लांबून झाडाला पांढऱ्या कळ्या आल्यासारखं वाटायचं. नागोराव चिडायचे.

“घरात बुद्धाची मूर्ती आणि दारात नजरेची टरफलं? लोक काय म्हणतील?”

“म्हणू द्या,” एवढंच त्या म्हणायच्या.

फ्लॅटमध्ये आल्यावर त्यांनी टरफलं लावणं सोडलं. आपलं म्हणणं एकदाचं पटलं, असं नागोराव धरून चालले होते.

शनिवारी सकाळी त्यांनी दोन डझन अंडी आणली. झाड जाणारच असेल, तर विमलच्या वेळी दिसायचं तसं दिसून जाऊ दे. बोथट बाजूला चमच्याने हलकेच ठोकायचं, रुपयाएवढं भोक पाडायचं, आतलं पातेल्यात ओतायचं, हे त्यांनी बघून बघून लक्षात ठेवलं होतं. तरी पहिली चार फुटली. बाकीची धुऊन त्यांनी उन्हात वाळवली आणि दुपारी एकोणीस पानांच्या एकोणीस टोकांवर बसवली. चारच्या सुमाराला वारा सुटला आणि त्यातली अकरा खाली पडली.

मुलगी आम्रपाली हडपसरहून आली, तेव्हा ते पायरीवर बसून तुकडे वेचत होते.

“बाबा, वर जाऊन आले. पातेलंभर फोडलेली अंडी आहेत. कोण खाणार?”

“तू. आधी सांग, आईची का पडायची नाहीत?”

“आत कापूस असायचा. बोळा. काट्याचं टोक त्यात रुतायचं.”

“नजरेला कापूस कशाला?”

आम्रपाली शेजारी बसली आणि डाव्या भुवईतली पांढरी रेघ तिने बोटाने दाखवली.

“हे कशाचं आहे, माहितीये?”

“न्हाणीत पडली होतीस. मी सेकंड शिफ्टला होतो.”

“पडले नव्हते. काटा लागला होता. तीन टाके. दुसऱ्या दिवसापासून आई टरफलं लावायला लागली.”

“मला का नाही सांगितलं?”

“तुम्ही झाड उपटून टाकलं असतं.”

नागोरावांनी ते उपटलंच असतं, त्याच संध्याकाळी.

“आणि मी तिला अंधश्रद्धाळू म्हणायचो. वीस वर्षं.”

“ती हसायची. म्हणायची, बोलू दे त्यांना. झाड राहतंय ना. इथे येईपर्यंत मी मोठी झाले होते, म्हणून सोडलं तिने.”

अंधार पडायच्या आत दोघांनी एकोणीस बोळे केले. कमी पडलेली टरफलं आम्रपालीने आणखी डझनभर अंडी आणून नवीन केली, एकही न फोडता.

रविवारी साडेआठला सोसायटीचे अध्यक्ष दत्तप्रसाद माळ्याला घेऊन आले आणि पिंपापाशी थबकले.

“अहो नागोराव, झाड काढायचं म्हणून कळवलं होतं. वाढदिवस करा असं नव्हतं लिहिलं.”

“हात लावून बघा.”

“अंड्याला?”

“काट्याला.”

दत्तप्रसादांनी जरा नाखुशीनेच एका टरफलावर तळवा टेकवला. मग दाबला. मग तळवा उलटा करून बघितला.

“हे तुमचं डोकं?”

“मिसेसचं. मला काल कळलं.”

“काल!” दत्तप्रसाद म्हणाले. “आणि एखादं पडलं तर?”

“रोज सकाळी बघीन. एकोणीस आहेत. एक जरी कमी दिसलं, तर झाड मी स्वतः काढीन.”

दत्तप्रसादांनी माळ्याला कुंपणाच्या मेंदीकडे पाठवलं. फलकावरची सूचना काढून चार घड्या घालून खिशात टाकली आणि जाता जाता म्हणाले, “धुतलीत ना नीट? मुंग्या आल्या तर नवीन सूचना लिहावी लागेल मला.”

ते गेल्यावर नागोरावांनी एकदा मोजून घेतलं. एकोणीस. पण मधल्या सुरळीतून एक नवं पान सुटायला आलं होतं. त्याचं टोक अजून कोवळं होतं. आठवडाभरात टोचायला लागणार होतं. वर जाऊन त्यांनी आम्रपालीला सांगितलं, एक अंडं ठेव.